धूर कधी येतो ते लिहा

१२ ऑक्टोबर

प्रिय भाऊजी,

तुमचं पोचल्याचं कार्ड मिळालं. खोली मिळाली, खाणावळ बरी आहे, एवढ्या दोन ओळींत तुम्ही सगळं उरकलंत. मी कार्ड उलटसुलट करून पाहिलं, आणखी कुठे काही लिहिलंय का म्हणून. दुसऱ्या बाजूला फक्त आमचाच पत्ता होता.

इकडे बरं आहे. तुमच्या दादांचा खोकला गेला. तुमच्या खोलीतलं कपाट जसंच्या तसं आहे, फक्त वरच्या फळीवर मी रजया ठेवल्यात. रागावू नका.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते सांगते. लाँच धूर सोडते आहे. तुम्ही गेलात त्या सुमारास थोडा होता, तेव्हा आम्हाला वाटलं, नवा रंग जळत असेल, जाईल. पण आता धक्क्यावरून निघाली की मागे पडदा ओढल्यासारखं होतं. मागच्या बाकांवर कोणी बसायला तयार नाही. पलीकडच्या काठावरची टवाळ मंडळी म्हणतात, आली बघा विडी ओढत. तुमचे दादा ऐकून न ऐकल्यासारखं करतात, पण जेवताना घास हातात धरून बसतात.

मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही. एवढंच कळतं की पावसाळाभर लाँच बंद ठेवून तुम्ही ते सगळं सुटं केलंत, पिस्टन नवे, रिंगा नव्या, सगळं नवं घालून पुन्हा बांधलंत. नवं इंजिन धूर कसं सोडेल? आगीशिवाय धूर नाही म्हणतात. इथे आग कुठे लागलीय तेच सापडत नाही.

हे पत्र मी लिहितेय ते त्यांना माहीत नाही. तुम्हा दोघा भावांत जे झालं त्यात मला पडायचं नाही. मोठ्या गोदीत जाऊन काम शिकावं असं तुम्हाला वाटलं. वडिलांची लाँच दोघांनी मिळून चालवावी असं त्यांना वाटलं. दोघांपैकी कोणीच वेडंवाकडं मागत नव्हतं. पण दोन दिवस येऊन एकदा नजर टाकून जाल का?

तुमची वहिनी

*

१९ ऑक्टोबर

वहिनी,

नमस्कार. पत्र मिळालं.

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. इंजिन मी नीट बांधलं आहे. एकेक रिंग हाताने बसवली, तिच्या तोंडातली फट मोजून बसवली. निघताना दादा म्हणाला होता की महिन्याभरात परत येशील. आता महिना झाला आणि धूर निघाला. मला परत बोलवायला धुराचं निमित्त केलं असेल तर दादाला सांगा, मी येणार नाही. इथे इंजिन विभागात काम जोरात आहे, रजा मागणं शोभत नाही.

आणि खरंच धूर असेल तर नुसतं 'धूर आहे' म्हणून मला काही कळायचं नाही. तापाने फणफणलेल्या माणसाचं 'बरं नाही' एवढंच कळवलं तर डॉक्टर काय करणार? धूर कोणत्या रंगाचा आहे ते बघा. काळा असेल तर डिझेल जास्त जातंय. पांढरा असेल तर डिझेल न जळता बाहेर पडतंय, नाहीतर पाणी आत शिरतंय. निळसर असेल तर ऑइल जळतंय. धुराच्या नळकांड्याच्या तोंडाशी पांढरं फडकं धरा आणि त्यावर काय उमटतं ते बघा.

सगळ्यात महत्त्वाचं, धूर कधी येतो ते लिहा. सकाळी सुरू करताना, नदीच्या मध्यावर असताना, की थांबून पुन्हा निघताना. ऑइलची पट्टी काढून बघा, दोन खुणांच्या मध्ये ऑइल दिसतं का तेही.

धाकटा

*

२७ ऑक्टोबर

प्रिय भाऊजी,

तुमच्या पत्राच्या पहिल्या भागाला उत्तर देत नाही. फक्त एक सांगते. तुम्हाला बोलवायचं असतं तर मी सरळ 'या' असं लिहिलं असतं. त्यासाठी मला इंजिन पेटवायची गरज नाही.

आता दुसरा भाग. मी तीन दिवस लाँचवरून फेऱ्या मारल्या. यांना सांगितलं, घरात बसून कंटाळा येतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी कधी कंटाळल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं, त्यामुळे जरा चमकले.

रंग निळा. सकाळच्या उन्हात आडवं बघितलं की स्पष्ट दिसतो. उशीचा जुना अभ्रा काठीला बांधून धरला, तर त्यावर तेलकट ठिपके पडले, बोटाला चिकट लागतात. वास करपलेल्या तेलाचा.

कधी येतो, तर असं. सकाळी सुरू केल्याबरोबर एक मोठा लोट येतो आणि थोड्या वेळात कमी होतो. नदी ओलांडताना बारीक बारीक चालूच असतो. आणि पलीकडे माणसं चढेपर्यंत इंजिन चालू ठेवून थांबलो की निघताना सगळ्यात जास्त. तोच तो पडदा.

पट्टीचं मी यांना विचारलं नाही, स्वतःच काढून बघितली. वरच्या खुणेच्याही वर दोन बोटं ऑइल आहे. रोज सकाळी निघण्याआधी हे एक मग ओततात. कशाला, म्हणून विचारलं, तर म्हणाले, नवं इंजिन आहे, कोरडं पडायला नको.

एक गोष्ट मागच्या पत्रात लिहिली नव्हती. बोटींचे तपासनीस येऊन गेले. वर्षअखेरीस परवान्याची तपासणी आहे. तोवर धूर थांबला नाही तर माणसं न्यायची परवानगी मिळणार नाही, असं तोंडी सांगून गेले. पूल किती लांब आहे ते तुम्हाला माहीत आहे. पलीकडच्या लोकांना दवाखाना गाठायचा तर ही लाँच, नाहीतर देव.

बाकी मजेत. दवाखान्यातल्या नर्सबाई तुमची चौकशी करत होत्या. लाँचमध्ये बसल्या की त्यांचं विणकाम सुरू. पूर्वी एका फेरीत चार ओळी व्हायच्या म्हणे, आता बाही निम्मी होते. म्हणाल्या, तुमच्या लाँचने माझ्या सगळ्या भाच्यांचे स्वेटर पुरे केले.

तुमची वहिनी

*

२ नोव्हेंबर

वहिनी,

मागच्या पत्रात उगाच लिहिलं. माफ करा.

परवान्याचं आधी सांगायला हवं होतंत.

तुम्ही बघितलंत ते उत्तम बघितलंत. इथले कामगारसुद्धा इतकं नीट सांगत नाहीत. ऑइल जास्त झालंय. वर चढलेलं ऑइल फिरत्या दांड्याच्या तडाख्यात सापडतं, त्याचा फेस होतो आणि ते नको तिथे जातं. अति तिथे माती. इंजिनाच्या बुडाशी मोठा बोल्ट आहे, तो सैल करून ऑइल खुणेपर्यंत उतरवा. दादाचा मग लपवून ठेवा.

धूर थांबला तर प्रश्न मिटला. नाही थांबला तर आणखी दोन गोष्टी बघा. इंजिनाच्या डाव्या बाजूला एक वाकडी नळी आहे, तिचं तोंड खाली आहे. इंजिन चालू असताना तिच्याशी तळहात धरा. हाताला फुंकर लागते की थाप बसते? थाप बसली तर रिंग तुटलीय. आणि धुराचं नळकांडं इंजिनाला जिथे जोडलंय तो सांधा बघा, कोरडा आहे की ओला.

यातलं दादाला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

धाकटा

*

१४ नोव्हेंबर

प्रिय भाऊजी,

ऑइल उतरवलं. यांना सांगावंच लागलं, कारण तो बोल्ट मला हलेना. कोणी सांगितलं, म्हणून विचारलं. मी म्हटलं, ज्याने बांधलं त्याने. त्यांनी पाना उचलला. मग वाकून बोल्ट सैल केला आणि उठताना एवढंच म्हणाले, "त्याला लिही, बांधलंय त्याने, निभावतोय मी." जसं म्हणाले तसं लिहिलं, पदरचं काही घातलं नाही.

धूर कमी झाला. निम्म्यावर आला म्हणा. मागच्या बाकावर आता नाकाला रुमाल लावून बसता येतं. पण गेला नाही.

वाकड्या नळीशी हात धरला. थाप नाही, फुंकर आहे, गरम आणि सतत. सांधा मात्र ओला आहे, आणि नुसता ओला नाही. काळं, चिकट, काकवीसारखं काहीतरी तिथून ओघळून इंजिनाच्या अंगावर सुकलंय. मी पुसून काढलं, दोन दिवसांनी पुन्हा तसंच.

भाऊजी, एक सांगते. निगा राखण्यात त्यांची कसूर नाही. तळहाताच्या फोडासारखं जपतात इंजिनाला. वेगाची दांडी अर्ध्याच्या पुढे सरकवत नाहीत. मध्ये कधी घाई करत नाहीत. पलीकडे माणसं यायला उशीर झाला तरी इंजिन बंद करत नाहीत, हळूच गुरगुरत ठेवतात, पुन्हा सुरू करायचा ताण नको म्हणून. पाण्याच्या तापमानाचा काटा कधी अर्ध्यावरसुद्धा जात नाही, म्हणजे तापवतही नाहीत. याहून जास्त कोणी काय करायचं? तरी असं का व्हावं?

तपासणीची तारीख ठरली, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. आता सरळच लिहिते, या.

तुमची वहिनी

*

२१ नोव्हेंबर

वहिनी,

तुमचं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि जेवायचं विसरलो. नर्सबाईंच्या बाहीचं तुम्ही आधी लिहिलं होतं, तेव्हा मी नुसता हसलो. तिथेच लक्षात यायला हवं होतं. फेरीला इतका वेळ का लागतोय, हे मी विचारलंच नाही.

रिंग तुटलेली नाही. आतलं काही तुटलेलं नाही. रिंगा बसलेल्याच नाहीत.

समजावून सांगतो. पिस्टनच्या भोवती रिंगा असतात आणि त्या सिलिंडरच्या भिंतीला घासत वरखाली होतात. नव्या रिंगा आणि नवी भिंत, दोन्ही बाजू खरखरीत असतात. इंजिनावर ओझं पडलं की आतला दाब वाढतो, तो रिंगेला भिंतीवर जोराने दाबतो, दोघी घासून एकमेकींना जुळतात. नव्या सुनेला पहिल्या दिवसांत घरात वावरू द्यायचं असतं, पाहुणीसारखं पाटावर बसवून ठेवलं तर ती घरची होत नाही, तसं आहे हे. ओझं पडलंच नाही तर रिंग नुसती वरवर फिरते. भिंतीवर ऑइल जळून काचेसारखी चकाकी चढते, आणि त्या काचेवरून ऑइल सरळ वर जातं. सांध्यावरची तुमची काकवी म्हणजे तेच, अर्धवट जळलेलं ऑइल आणि डिझेल. इंजिन थंड आणि रिकामं चालवलं की असंच ओघळतं.

इंजिन चांगलं बांधलंय, दादाने चांगलं जपलंय, आणि दोन्ही मिळून धूर झालाय.

उपाय एकच. त्याला राबवायचं. आधी चांगलं गरम होऊ द्या. मग काहीतरी जड मागे बांधा आणि प्रवाहाच्या विरुद्ध वर जा, दांडी तीन चतुर्थांशावर. काही मिनिटं ओढू द्या, मग जरा सैल, मग पुन्हा. काटा मध्यावर आला पाहिजे. सुरुवातीला धूर वाढेल, त्याला घाबरायचं नाही. परत आलात की इंजिन बंद करा, गुरगुरत ठेवू नका. असं बरेच दिवस करावं लागेल. चकाकी फार घट्ट झाली असेल तर उपयोग होणार नाही, मग पुन्हा सगळं उघडून भिंत घासावी लागेल. पण अजून वेळ गेलेली नाही असं वाटतं.

दादा ऐकणार नाही. त्याला हे पत्र वाचायला द्या.

आता माझं. मी येत नाही याचा तुम्ही अर्थ काढला असेल की भावावरचा राग गेला नाही. तसं नाही. मी इंजिन विभागात नाही, वहिनी. कधीच नव्हतो. आल्यापासून जहाजांच्या पोटात शिरून गंज खरवडतो. इंजिन विभागात जायला हाताची परीक्षा असते, वर्षातून एकदा, ती डिसेंबरच्या सुरुवातीला आहे. आता रजा घेतली तर यादीतून नाव जाईल आणि पुन्हा वर्षभर गंज. दादाशी भांडून आलो होतो, तर गंज खरवडायला आलो असं कळवायची लाज वाटली. आता तुम्ही काकवी पुसताय आणि मी फुशारक्या मारतोय, हे बरं दिसत नाही.

हा भागही त्याला वाचू द्या.

धाकटा

*

८ डिसेंबर

प्रिय भाऊजी,

उत्तराला उशीर झाला, कारण लिहिण्यासारखं काही घडेपर्यंत थांबायचं ठरवलं होतं.

पत्र यांना दिलं. पहिला भाग वाचला आणि म्हणाले, धूर सोडणाऱ्या इंजिनाला आणखी चाबूक मारायला सांगतोय, बुडवायला निघालाय का? मी म्हटलं, पुढे वाचा. पुढचं वाचून झाल्यावर पत्र घडी करून खिशात ठेवलं. ते अजून त्यांच्याच खिशात आहे, मला परत मिळालेलं नाही. त्या दिवसापासून तुमच्याबद्दल एक वाकडा शब्द नाही, पण दांडीला हातही नाही.

तेव्हा मला तुम्हाला एक गोष्ट सांगावी लागतेय. सांगणार नाही असं मी कबूल केलं होतं. तुम्ही गेल्यावर पहिल्याच आठवड्यात इंजिन मध्यावर बंद पडलं. लाँच भरलेली होती, नर्सबाई होत्या, एक बाळंतीण होती. हे खाली उतरले, बघत राहिले. खालची बाजू नेहमी तुमची, त्यांना कुठे हात घालायचा तेसुद्धा ठाऊक नव्हतं. लाँच वाहत वाहत वळणावरच्या लव्हाळ्यात जाऊन रुतली. पुढे मासेमारीच्या होड्यांनी ओढून आणलं. नंतर कळलं, डिझेलच्या नळीत हवा शिरली होती, बस्स. कोणाला इजा झाली नाही, बाळंतीण उलट यांनाच धीर देत होती. पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. त्या दिवसापासून दांडी अर्ध्याच्या पुढे नाही, आणि इंजिन बंद करायचं नाही, कारण बंद केलं तर पुन्हा लागेल की नाही ही भीती. मी तुम्हाला लिहिलं की जपतात. जपत नव्हते, घाबरले होते. मला दोन्हीतला फरक दिसला नाही.

रेतीचा पडाव, ती जड सपाट होडी, घेऊन नदीने वर जाणारे काका आहेत ना, त्यांना मी गाठलं. म्हटलं, पुढचे काही दिवस तुमचा पडाव आमची लाँच ओढेल. त्यांना आनंदच झाला. यांना आदल्या दिवशी संध्याकाळी सांगितलं.

ते म्हणाले, "बंद पडलं तर?"

"पडलं तर नांगर टाकू. उजेड असेल, काका सोबत असतील, लाँचमध्ये एकही प्रवासी नसेल. आणि खाली मी असेन."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"तुमच्यापेक्षा दोन पत्रं जास्त."

हसले. फार दिवसांनी हसले.

सकाळी निघालो. पडाव लव्हाळ्याच्या वळणाखाली उभा होता, तिथवर उतरलो. हे वर सुकाणूवर, मी खाली इंजिनापाशी कानाला फडकं गुंडाळून. काटा थोडा चढेपर्यंत हळू चाललो. मग पडावाचा दोर ताणला गेला, लाँचला हिसका बसला. यांनी दांडी अर्ध्यावर आणली आणि तिथेच थांबले, नेहमीसारखे. मी झरोक्यातून बाहेर बघितलं. काठावर एक बोरीचं झाड होतं. पाणी जोरात मागे चाललेलं, आणि झाड जागच्या जागी. मागे पडाव, पुढे प्रवाह, आम्ही ना इकडे ना तिकडे. मी ओरडून सांगणार होते, पण म्हटलं नको. त्यांनाही झाड दिसतच होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. मग दांडी पुढे गेली. एकदम नाही, चाचपडत, जिन्यावर अंधारात पाय टाकतात तशी. इंजिनाचा आवाज बदलला, भाऊजी. आतापर्यंत ते खोकल्यासारखं बोलायचं, आता छातीतून बोलायला लागलं. धूर इतका झाला की काकांनी पडावावरून हात हलवून आग लागली का विचारलं. काटा मध्यावर आला आणि थांबला. मी सांध्यावर हात नेला तर तिथून चर्रर्र आवाज, काकवी जळत होती. आणि झाड हळूहळू मागे गेलं.

वळणाच्या वर पोचलो तेव्हा यांनी जरा सैल केलं, मग स्वतःहूनच पुन्हा दांडी पुढे. लव्हाळ्याच्या जागेवरून जाताना त्यांनी तिकडे बघितलं नाही. मीच बघितलं.

धक्क्यावर परत येऊन त्यांनी इंजिन बंद केलं. स्वतः बंद केलं. मग पुन्हा सुरू केलं. पुन्हा बंद. असं त्यांनी तीनदा केलं, आणि मी खाली बसून हसत होते का रडत होते, मला विचारू नका.

तेव्हापासून रोज पडाव ओढतोय. सांधा कोरडा आहे. नदी ओलांडताना धूर शोधावा लागतो. नर्सबाई कुरकुरतात की ओळ पुरी व्हायच्या आत काठ येतो. फक्त सकाळचा पहिला लोट राहिलाय. रात्रभर उभी राहिली की सुरू करताना एकच निळा फुगा, मग स्वच्छ. तो काही जात नाही. त्याचं काय करायचं?

आणि परीक्षेचं काय झालं?

तुमची वहिनी

*

१३ डिसेंबर

वहिनी,

तुमचं पत्र मी खोलीवरच्या दोघांना वाचून दाखवलं. झाडाशी आल्यावर दोघं सरकून जवळ बसले. आता ते मला विचारतात, तुझी वहिनी गोदीत येते का कामाला.

इंजिन बंद पडल्याचं मला आधी कळलं असतं तर मी परीक्षा सोडून आलो असतो. म्हणूनच दादाने कळू दिलं नसेल.

सकाळच्या फुग्याचं सोपं आहे. इंजिनाच्या डोक्यावर सहा व्हॉल्व आहेत. प्रत्येकाच्या दांडीवर रबराची टोपी असते, सील म्हणतात, ती ऑइलला खाली गळू देत नाही. एखादी टोपी नीट बसलेली नसेल तर रात्रभर थेंब थेंब ऑइल खाली उतरतं आणि सकाळी एकदम जळतं. सहाही नव्या टोप्या सोबत पाठवतोय. त्यासाठी सगळं इंजिन उघडावं लागत नाही, वरचं झाकण काढलं की पुरे. कसं करायचं ते वेगळ्या कागदावर चित्र काढून दिलंय. एकच सांभाळा, पिस्टन अगदी वर आणून ठेवल्याशिवाय स्प्रिंग काढू नका, नाहीतर व्हॉल्व आत पडेल. टोपी बसवताना ऑइल लावून, फिरवत फिरवत बसवा, ठोकू नका.

दुसरं चित्र हवा काढायचं आहे. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, खालचा हातपंप मारत राहायचा, फेस येणं थांबून नुसतं डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. एवढंच. दादाला धक्क्यावर उभं राहून हे पुन्हा पुन्हा करायला सांगा, हात बसेपर्यंत. मी जायच्या आधी हे त्याला दाखवलं नाही. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

परीक्षा झाली. बरी गेली असं वाटतं. निकाल लागायचा आहे.

धाकटा

*

३० डिसेंबर

धाकट्या,

अनेक आशीर्वाद. मला पत्र लिहायची सवय नाही हे तुला माहीत आहे. तुझी वहिनी म्हणते, या वेळी तुम्ही लिहा.

टोप्या बदलल्या. तिने बदलल्या, मी बॅटरी धरली. दुसऱ्या सिलिंडरवरच्या एका जुन्या टोपीची कड आत मुडपलेली निघाली. तुला कळावं म्हणून लिहितो, दुसरं काही मनात नाही. सकाळचा धूर थांबला. हवा काढायला मी शिकलो. आता डोळे मिटूनही जमतं, पण तुझी वहिनी मिटू देत नाही.

परवा तपासनीस आले. सकाळी सकाळीच आले, इंजिन थंड असताना. मुद्दामच आले असणार. सुरू करायला सांगितलं. केलं. नळकांड्याकडे बघत उभे राहिले. मग पूर्ण वेगाने मध्यापर्यंत नेऊन आणायला सांगितलं. नेलं. परत आल्यावर कागदावर सही करताना त्यांनी विचारलं, इंजिनवाला कोण? मी म्हटलं, ही. त्यांनी तिच्याकडे बघितलं, तिच्या हातांकडे बघितलं, आणि नाव लिहून घेतलं. परवाना मिळाला.

खालचं काम आता तिनेच घेतलंय. मी नको म्हटलं होतं, पण माझं म्हणणं या घरात पूर्वी तू ऐकायचा नाहीस, आता ती ऐकत नाही. बरं करते. वरून आवाज दिला की खालून उत्तर येतं. तू खाली असायचास तेव्हा मी नुसता पुढे बघायचो, मागे काय चाललंय याचा विचार करावा लागत नसे. तू गेल्यावर पुढेही बघवेना. हे तुला तेव्हा सांगता आलं असतं, पण मी लाँच दोघांची आहे वगैरे काहीतरी बोललो.

गंज खरवडण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. वडिलांनीही तेच करून सुरुवात केली होती. निकाल लागला की कळव. पास झालास तर तिथेच राहा आणि काम शीक. नापास झालास तर पुढच्या वर्षी पुन्हा बस, पण गोदी सोडून येऊ नकोस. इथल्या लाँचला माणूस मिळालंय.

सुट्टी मिळाली की मात्र ये. इंजिन बघायला येऊ नकोस, ते चालतंय. नुसता ये.

दादा